बसा कोणी म्हणायचं?

मी मूळची बोस्नियातल्या ग्लामोचच्या पठारावरची. तिथे एक नाच आहे, त्याला वाद्य लागत नाही की गाणं लागत नाही. बायका आणि गडी हातात हात घालून रिंगण धरतात आणि जमीन दणाणेल असे पाय आपटत फिरतात. बायकांच्या छातीवर चांदीच्या नाण्यांच्या माळा असतात, त्या खुळखुळतात. मधूनच म्होरक्या ओरडून चाल बदलायला सांगतो. त्याला मुकं कोलो म्हणतात, कोलो म्हणजे रिंगणाचा नाच. तुर्कांनी गाणंबजावणं बंद केलं म्हणून हा नाच मुका झाला, असं शाळेत शिकवतात. माझी आजी म्हणायची, कसले तुर्क आणि काय, वाजवणाऱ्याला जेवू घालायची ऐपत कोणाची होती?

माझं नाव कोविल्का. सारायेवोत लोकनृत्य शिकवते. जिभेला हाड नाही, असं माझ्याबद्दल बोललं जातं आणि ते खरं आहे. हिवाळी ऑलिम्पिक आमच्या शहरात भरायचं ठरलं, तेव्हा उद्घाटनाच्या सोहळ्यात यजमान म्हणून बोस्नियाने काय दाखवायचं, यावर बैठकांवर बैठका झाल्या. आमच्या देशातल्या सहाही प्रजासत्ताकांचा वाटा तराजूत तोलून दिलेला. स्लोव्हेनियाला जरा जास्त वेळ मिळाला की मॅसेडोनिया रुसलाच. अशा एका बैठकीत मी नको तेव्हा तोंड उघडलं.

"मुकं कोलो दाखवा," मी म्हणाले. "कोणी वाजवणारा नाही, कोणी ताल देणारा नाही, तरी सगळे एका पावलात. आपल्या देशाबद्दल जगाला आणखी वेगळं काय सांगायचंय?"

ते वाक्य भलतंच आवडलं सगळ्यांना. पुढच्या महिन्याभरात ते मी निरनिराळ्या भाषणांत निरनिराळ्या पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. वाक्य त्यांचं झालं, नाच मात्र माझ्याच गळ्यात राहिला.

मी गावाकडून माणसं आणली. म्होरक्या श्पिरोकाका, वय झालेलं, पण पाय अजून तरण्या घोड्याचे. सोबत पोरीबाळी, त्यांचे नवरे, दीर. सगळं सुरळीत चाललं होतं. बर्फ पडत नव्हता म्हणून अख्खं शहर आभाळाकडे बघत बसलं होतं, तेवढी एकच काळजी.

मग रंगीत तालीम झाली.

कोशेवोचं स्टेडियम भरलेलं दिसावं म्हणून त्या दिवशी सैनिक, शाळकरी मुलं आणि कारखान्यांतली माणसं आणून बसवली होती. आधी ढोल झाले, काठ्या फिरवणाऱ्या मुली झाल्या, ढोलताशाच्या वरताण बँड झाला. मग एकदम सगळं थांबलं. ठरल्याप्रमाणेच थांबलं. श्पिरोकाकाचं रिंगण मैदानात आलं आणि त्या शांततेत पहिली पावलं पडली.

आणि पश्चिमेच्या बाजूला एक कर्नल उठून उभा राहिला. टोपी काढून त्याने छातीशी धरली.

त्याच्या मागची रांग उठली. मग तिच्या मागची. शिक्षिका मुलांना दंडाला धरून उठवायला लागल्या. बघता बघता सगळं स्टेडियम उभं. हात मांड्यांना चिकटवलेले, नजर समोर, कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मला क्षणभर कळेचना. मग कळलं.

देशाचे सर्वेसर्वा मार्शल टीटो जाऊन चार वर्षं होत आली होती. दर वर्षी मे महिन्यात, ते गेले त्या दिवशी, त्या वेळेला, देशभर भोंगे वाजतात. बस जिथल्या तिथे थांबते, न्हावी वस्तरा वर धरून थांबतो, फुटबॉलचा सामना थांबतो. सगळे उभे राहतात. आमच्याकडे गर्दीत अचानक शांतता झाली की तिचा अर्थ एकच. कोणाला विचारावं लागत नाही, पायांना आपोआप कळतं.

मीही उभी राहिले. माझ्या शेजारी आमच्या सांस्कृतिक विभागाचे प्रमुख कॉम्रेड हामदिया उभे होते, आणि झाग्रेबहून आलेला टीव्हीचा दिग्दर्शक झ्वोनिमिर उभा होता. मैदानात श्पिरोकाकाला वाटलं, हे सगळं आपल्याच सन्मानासाठी चाललंय. म्हाताऱ्याने छाती काढून असे पाय आपटले की माती उडाली.

संपल्यावर स्टेडियमच्या पोटातल्या एका खोलीत आम्ही बसलो. कॉफी आली, लोकुमच्या गोड वड्या आल्या, कोणी हात लावला नाही.

"फार हृद्य होतं," हामदिया म्हणाले.

"फारच," मी म्हणाले.

"जनतेच्या मनात अजून..." ते म्हणाले, आणि दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "अहो, पण हे त्या दिवशी झालं तर काय करायचं? सगळं जग बघणार आहे! आपण आनंदाचा सोहळा म्हणून सांगितलंय. आणि मध्येच पन्नास हजार माणसं मयताला उभी राहिल्यासारखी!"

"परदेशातल्यांना वाटेल, कोणीतरी गेलं," झ्वोनिमिर म्हणाला. "फोन येतील मला. कोण गेलं, कोण गेलं. त्यात आपल्याकडे सगळे पुढारी सत्तरीच्या पुढचे."

"मग संगीत घाल की मागे," हामदिया त्याला म्हणाले.

"घालतो. तंबुरित्साच्या तारा घालतो. दोन मिनिटांचं तर काम."

श्पिरोकाका दारात उभे होते. "वाजवलंत तर माझे पाय चुकतील," ते म्हणाले. "आमच्या कोणाचेच पाय पडायचे नाहीत. एकमेकांच्या पावलांवर कान असतो आमचा. वाजवायचंच असेल तर दुसरे नाचे बघा, बाजारात पुष्कळ मिळतात."

"मग नाच काढून टाका," झ्वोनिमिर म्हणाला.

हामदियांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने टेबलावर साप सोडला. "काढून टाका? कार्यक्रम बेलग्रेडने मंजूर केलाय. काढायचा तर कारण लिहावं लागेल. काय लिहू? लोक मार्शलच्या स्मरणार्थ उभे राहिले म्हणून काढला? लिही तू, घे पेन."

झ्वोनिमिरने पेन घेतलं नाही.

"सोपं आहे," मी म्हणाले. माझी जीभ, दुसरं काय. "नाच सुरू व्हायच्या आधी निवेदकाने सांगायचं, कृपया बसून राहा."

हामदियांनी लोकुमची एक वडी उचलली आणि परत ठेवली.

"हे वाक्य कोण लिहून देणार?" त्यांनी विचारलं. "उद्या कोणी विचारलं, जनता मार्शलला मान द्यायला उठत होती आणि तिला बसा कोणी म्हटलं? तर नाव कोणाचं सांगायचं?"

"असं म्हणू," झ्वोनिमिर म्हणाला, "प्रेक्षकांनी आनंदाने बसून राहावं."

"आनंदाने? कशाचा आनंद? मार्शल गेले त्याचा?"

"मग, प्रेक्षकांनी आसनस्थ राहून नृत्याचा आस्वाद घ्यावा."

"आसनस्थ म्हणजे बसाच की रे शहाण्या."

अंधार पडेपर्यंत हेच चाललं. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांना एक 'बसा' म्हणता येईना. आणि मी त्यांना हसू शकत नव्हते, कारण उठताना हामदियांनी माझा कोट मला घालायला दिला आणि अगदी आपुलकीने विचारलं, "तुमचा भाऊ कसा आहे हो?"

"बरा आहे."

"सांभाळा त्याला. कल्पना तुमची होती, कॉम्रेड कोविल्का, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या काही झालं तर तुम्ही त्याची बहीण आहात, हेही कोणाच्या तरी लक्षात येईल. मी आपलं तुमच्या भल्यासाठी सांगतो."

मी कोटाची बटणं लावत बाहेर पडले.

माझा धाकटा भाऊ ओब्राद जंगलात लाकूडतोडीचं काम करायचा. आदल्या वर्षी मे महिन्यात तो गावातल्या खाणावळीत जेवायला बसला होता. रात्रभर राबून आलेला, बूट काढलेले, पुढ्यात घेवड्याचा रस्सा. भोंगा वाजला. सगळे उठले. ओब्राद खातच राहिला. शेजारचा म्हणाला, "अरे ऊठ की, मार्शलसाठी." तर हा म्हणाला, "तो काही आता उठत नाही, मग मी कशाला उठू?"

लोक हसले. उभ्या उभ्या, टोप्या हातात धरून, तोंड दाबून हसले. त्या हसणाऱ्यांतल्याच कोणीतरी जाऊन सांगितलं. ओब्रादला आठ महिन्यांची शिक्षा झाली. नोव्हेंबरात प्रजासत्ताक दिनाच्या माफीत तो सुटला तो थोडा आधीच, आणि वागणूक सुधारली तरच बाहेर, या बोलीवर. जंगलातलं काम गेलं होतं. मी त्याला माझ्याकडे आणलं. स्टेडियमपासून जवळच, इस्पितळाच्या उताराला माझं दोन खोल्यांचं घर आहे. तो स्वयंपाकघरातल्या कोचावर झोपायचा.

सुटून आल्यावर तो बोलायचा कमी, पण माझी थट्टा करायची सवय गेली नव्हती. निदान मला तसं वाटायचं. इस्पितळाकडे जाणारी रुग्णवाहिका आमच्या खिडकीखालून भोंगा वाजवत जाते. ती गेली की ओब्राद जिथे असेल तिथे उठून उभा राहायचा. हातात चमचा असेल तर चमच्यासकट, दाढी करत असेल तर फेसासकट. गाडी लांब जाईपर्यंत ताठ उभा. मग खाली बसून परत जेवायला लागायचा.

पहिल्यांदा मी हसले. "पुरे रे सोंग," मी म्हणाले. "इथे कोणी बघायला नाही." तोही हसला. मग मी त्यावर कधी बोलले नाही. मला वाटलं, आमच्या ओब्रादचा विनोद आहे, कडू आहे, पण त्याचाच आहे.

त्या दिवशी तालमीहून घरी आले तेव्हा तो कांदा चिरत होता.

"काय गं सेका, मेल्यासारखा चेहरा का?" तो लहानपणापासून मला सेका म्हणतो, आमच्याकडे बहिणीला लाडाने म्हणतात तसं.

मी सगळं सांगितलं. फक्त हामदियांनी त्याची चौकशी केली, तेवढं गाळलं. तो चिरता चिरता थांबला. मग एकदम खो खो हसायला लागला. कांद्याने असेल किंवा कशाने, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"म्हणजे आता सरकारलाच बसलेली माणसं हवीत!" तो म्हणाला. "मला विचारायचं ना. मी शिकवली असती."

"थट्टा नको करू. माझा जीव टांगणीला लागलाय."

"गावात मुकं कोलो नाचतात तेव्हा कोण उभं राहतं?" त्याने विचारलं. "कोणी शांत तरी बसतं का? रुझामावशी काय काय ओरडते आठव."

मी कोटसुद्धा न काढता तशीच उभी राहिले. खरंच की. गावच्या जत्रेत नाचणारे मुके असतात, बघणारे नव्हे. गडी मुलीला रिंगणातून ओढून घेऊन फिरवायला लागला की तिची आई, मावशी, चुलती कुंपणावर बसून त्याचा उद्धार करतात. पाय आहेत की ओंडके? पोरीला उचलतोस की पिठाचं पोतं? त्या नाचात शांतता कधी नव्हतीच. शांत फक्त आपण शहरात आणून बसवल्यावर झाला तो.

दुसऱ्या दिवशी मी हामदियांकडे गेले. म्हणाले, गावाकडून एक बस भरून माणसं आणते. नाचणाऱ्यांचे नातेवाईक. त्यांना स्टेडियमभर पसरून बसवायचं. शांतता झाली की ती ओरडतील, लोक हसतील. हसलेला माणूस उभा राहत नाही.

हामदियांनी खिडकीबाहेर बघितलं. "मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे आणू?"

"मी ऐकलंच नाही तर आणू का म्हणून काय विचारता? जागांची तिकिटं खाली मिळतील."

बस आली. रुझामावशी सगळ्यात पुढे, मांडीवर पनीरचा डबा आणि राकियाची, घरच्या दारूची, बाटली. ही बाई बसली की दोन जागा लागतात आणि बोलली की दोन गावांना ऐकू जातं. मी सगळ्यांना समजावलं, उठायचं नाही, काही झालं तरी उठायचं नाही, आणि जत्रेत ओरडता तसं ओरडायचं.

"टीव्हीवर शिव्या चालतात का?" मावशीने विचारलं.

"बेताने."

"मग मजा काय?"

पश्चिमेच्या बाजूला, कर्नल बसतात तिकडे, मी मावशीला बसवायचं ठरवलं. आणि तिच्या शेजारी ओब्रादला. सगळ्यांना ओळखणारा, डोकं असलेला, तिला आवरू शकेल असा तोच होता. तो नको म्हणाला.

"मी घरीच टीव्हीवर बघतो."

"अरे, तुझीच तर कल्पना. आणि तुला करायचंय काय? नुसतं बसायचंय."

"बसायचंय?" त्याने माझ्याकडे बघितलं. "मला?"

"तुझा हातखंडा आहे ना त्यात," मी म्हणाले.

तो हसला. मला वाटलं, पटलं त्याला. माझं डोकं तेव्हा पन्नास हजार माणसांत गुंतलं होतं, एकात नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री बर्फ पडला. एवढा पडला की सकाळी सैनिक फावडी घेऊन बाकं मोकळी करत होते. दुपारी ऊन आलं. लोक घोंगड्या, थर्मास, पोरंबाळं घेऊन आले. गालांवर रंग, हातात झेंडे, एवढं हसरं शहर मी पूर्वी बघितलं नव्हतं. मी झ्वोनिमिरच्या खोलीत होते, वर, काचेमागे. समोर छोट्या पडद्यांची भिंत, कानाला यंत्र. हामदिया मागे उभे राहून नखं खात होते.

ढोल झाले. मुली झाल्या. बँड झाला. मग सगळं थांबलं.

मी ती शांतता कधी विसरणार नाही. एवढ्या माणसांची शांतता अंगावर येते. श्पिरोकाकाचं रिंगण मैदानात आलं. पहिलं पाऊल पडलं. बर्फाच्या थरावर त्याचा आवाज मऊ आला, नाणी खुळखुळली.

पश्चिमेला कोणीतरी हललं. तोच कर्नल. हात टोपीकडे गेला, गुडघे सरळ व्हायला लागले. मी काचेवर हात ठेवला. मागची दोन माणसं उठायच्या बेतात पुढे वाकली.

"अरे श्पिरो!" रुझामावशीचा आवाज त्या शांततेत असा घुमला की झ्वोनिमिरच्या कानातलं यंत्र किंचाळलं. "पाय उचल की मेल्या! बर्फात गाय रुतल्यासारखा काय नाचतोस!"

मग एक हसू फुटलं. उत्तरेकडून दुसरी कोणी ओरडली, "पोरीला नीट धर रे, माझी भाची आहे ती!" दक्षिणेकडून एक म्हातारा, "हा काय नाचणार, लग्नातही पडला होता!" आणि स्टेडियम हसायला लागलं. लाटेसारखं नव्हे, गावच्या जत्रेसारखं, एक इकडे, दहा तिकडे. लोक आपल्या मनाने ओरडायला लागले. सारायेवोचे लोक टोमणे मारायला कधी मागे राहिलेत? कर्नलने टोपी सरळ केली, कोटाचं टोक मांडीखालून काढलं, आणि त्यासाठीच उठत होतो, अशा चेहऱ्याने खाली बसला.

मी खुर्चीत बसले. झ्वोनिमिर मला म्हणाला, "बाई, तुम्हाला मानलं." हामदियांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मी म्हटलंच होतं."

मग झ्वोनिमिर पडद्याकडे वाकला. "तो कोण उभा आहे?"

मला आधी दिसला नाही. मग दिसला. हसणाऱ्या, हात उडवणाऱ्या माणसांच्या मधोमध एक माणूस ताठ उभा होता. हात मांड्यांना चिकटवलेले, लोकरी टोपी छातीशी धरलेली, नजर समोर. मागचे ओरडत होते, "बस ना रे बाबा, दिसत नाही!" रुझामावशी त्याच्या कोटाची बाही ओढत होती. तो हलत नव्हता. दातांवर दात असे आवळलेले की गालाची हाडं वर आली होती.

तो ओब्राद होता.

मला एकदम चमचा आठवला. दाढीचा फेस आठवला. पुरे रे सोंग, असं मी म्हणाले होते, तेही आठवलं. ते सोंग नव्हतं. एकदाही नव्हतं.

"काय चेहरा आहे!" हामदिया म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता, हे मी कबूल करते. "सगळे हसतायत आणि हा एक साधा माणूस विसरलेला नाही. कॅमेरा जवळ घे, झ्वोनिमिर. ह्यालाच दाखव. आपल्याला जगाला जे सांगायचंय ना, ते हेच. न सांगता उभा राहिलाय बघ."

मधल्या मोठ्या पडद्यावर माझ्या भावाचा चेहरा आला. म्हणजे तो आता सगळ्या देशांत गेला होता. झ्वोनिमिरच्या कानात परदेशी निवेदक बोलायला लागले, त्यातला एक काय म्हणतोय ते त्याने आम्हाला सांगितलं, की या देशाचं आपल्या नेत्यावरचं प्रेम किती खोल आहे, वगैरे. ओब्रादच्या वरच्या ओठावर घाम होता. एवढ्या थंडीत घाम.

"तो माझा भाऊ आहे," मी म्हणाले.

हामदियांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत पडद्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"तो खाणावळीतला? मग तर फारच छान," ते म्हणाले. "सुधारला म्हणायचा."

मी कानातलं यंत्र टेबलावर टाकलं आणि निघाले. जिन्यात पाय घसरला, गुडघा फुटला, ते नंतर कळलं. पश्चिमेच्या दारावरचा पोलीस म्हणाला, "कुठे बाई?" मी म्हणाले, "माझा माणूस आजारी आहे," आणि आत घुसले. रांगेतल्या माणसांच्या पायांवर पाय देत गेले. लोक शिव्या देत होते, हसतही होते. मैदानात श्पिरोकाका आरोळी देत होते, बायका उड्या घेत होत्या, नाणी वाजत होती, आणि जो तो त्यांना काही ना काही सुनावत होता. माझा डाव साधला होता. पण त्या नाचाकडे बघवत नव्हतं मला.

"अगं, ह्याला काय झालंय?" रुझामावशी घाबरून म्हणाली. "ओढून ओढून बाही फाटायला आली. दगडासारखा झालाय."

मी ओब्रादच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. ओठ न हलवता, शाळेत मास्तर बघत असताना आम्ही बोलायचो तसा तो बोलला.

"सेका, मी बसणार होतो गं. खरंच बसणार होतो."

"माहितीये."

"शांत झालं आणि पायच..." तो थांबला. "थांबला का भोंगा?"

भोंगा वाजलाच नव्हता. पण ते त्याला आता सांगून काय उपयोग होता? मी म्हणाले, "थांबला."

"नक्की?"

"नक्की."

नाच संपला होता. श्पिरोकाकाचं रिंगण हात हलवत बाहेर चाललं होतं, टाळ्या पडत होत्या, पुढचा बँड वाजायला लागला होता. तरी तो उभाच. मागून एका बाईने आमच्यावर बर्फाचा गोळा मारला, तो माझ्या पाठीत लागला. वर काचेमागून हामदिया आम्हाला बघत असणार. कॅमेरा अजून आमच्यावर आहे की पुढे गेला, हे मला ठाऊक नव्हतं. सबंध समितीतल्या एकालाही जे म्हणता आलं नव्हतं, ते मी म्हणाले, आणि हळू नव्हे, चांगलं मोठ्याने म्हणाले.

"बस, ओब्राद."

त्याने पहिल्यांदाच मान वळवली. आधी कर्नलकडे बघितलं, मग दारावरच्या पोलिसाकडे, मग माझ्याकडे. त्याचा हात माझ्या हाताला लागला, बर्फासारखा गार होता.

"तू आधी," तो म्हणाला.

मी बसले.